बिवा, कोतो आणि पाचशे वर्षांचा संघ

इ. स. १३७१ मध्ये क्योतो शहरात अकाशी काकुइची या अंध वादकाने मरणापूर्वी काही महिने आपल्या शिष्याला समोर बसवून एक दीर्घ कथा लिहवून घेतली. बाराव्या शतकाच्या अखेरीस ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांत झालेल्या युद्धाची ती कथा, ‘हेइके मोनोगातारी’. ती बिवा या तंतुवाद्यावर गाऊन सांगण्याची परंपरा तेव्हा शंभराहून अधिक वर्षे चालत आली होती आणि ती प्रामुख्याने अंध गायकांच्या हाती होती. काकुइचीला स्वतःला लेखी प्रत वाचता येणार नव्हती, त्याच्या शिष्यपरंपरेतल्या बहुतेकांनाही नव्हती. तरीही त्याने ती करवून घेतली, कारण आपल्यामागे शिष्यांत पाठभेदावरून भांडण झाले तर निवाड्याला काही आधार हवा होता. प्रत बाहेरच्या कुणाला दाखवू नये अशी ताकीदही तिच्यासोबत होती. आज जपानमध्ये आणि भाषांतरांतून जगभर ही कथा मुख्यतः ज्या पाठातून वाचली जाते तो हाच. काकुइचीच्या गायकीबद्दल समकालीनांनी आदराने लिहिले आहे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्याची ही काळजी. निवाड्याची चिंता तोच माणूस करतो ज्याच्यामागे एक संस्था उभी असते. काकुइचीच्या पिढीत आकाराला आलेल्या त्या संस्थेचे नाव तोदो. १८७१ मध्ये सरकारी हुकमाने ती बंद झाली, तोवर ती सुमारे पाचशे वर्षे चालली.

अंध कलावंत म्हटला की आपल्याकडे दोन सूर हमखास लागतात. एक कौतुकाचा: देवाने डोळे नेले, पण गळा दिला. दुसरा कणवेचा: बिचारा, एवढे असूनही किती छान गातो. दोन्ही सुरांत प्रेम असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दोन्हींत एक गोष्ट सारखीच राहून जाते. त्या माणसाला शिकवले कुणी, शिकत असताना तो जेवला कुठे, शिकून झाल्यावर त्याला पैसे कुणी दिले आणि त्याचे नाव कुठल्या वहीत नोंदले गेले, हे कुणी विचारत नाही. तोदोच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरे सापडतात. तो इतिहास वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की दिव्यांग कलावंत पिढ्यान्‌पिढ्या घडतात ते शिक्षण, उपजीविका आणि दर्जा यांची पक्की व्यवस्था असते तेव्हा. व्यवस्था काढून घेतली की एखाददुसरा असामान्य माणूस उरतो आणि परंपरा संपते. अंगच्या देणगीला यात जागा आहेच. पण देणगी प्रत्येक पिढीत कमीअधिक सारखीच वाटली जात असावी. फळ मात्र काही पिढ्यांत भरघोस येते आणि काहींत येत नाही, आणि हा फरक देणगीने उलगडत नाही.

संघ होण्यापूर्वीची स्थिती आपल्या ओळखीची आहे. बिवा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या अंध गायकांना ‘बिवा होशी’ म्हणत. भिक्षूसारखे मुंडण, भिक्षूसारखा वेश, देवळांच्या आसऱ्याने मुक्काम. मृतात्म्यांना शांतवणारी, रोगराई दूर ठेवणारी गाणी हे लोक म्हणत आणि त्याबद्दल धान्य मिळवत. चौदाव्या शतकात केन्को या भिक्षूने लिहिलेल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या टिपणसंग्रहात अशी हकिगत आहे की युकिनागा नावाच्या माजी अधिकाऱ्याने हेइकेची कथा रचली आणि शोबुत्सू नावाच्या अंधाला ती गायला शिकवली. हकिगत कितपत खरी हा वाद अभ्यासकांनी करावा. त्या काळच्या सुशिक्षितांना या कथेच्या जन्माशी अंध गायकाचे नाव जोडणे स्वाभाविक वाटत होते, एवढे त्यातून नक्की कळते. मराठी वाचकाला इथे एक धागा आपल्याकडचाही दिसेल. या वादकांची आराध्यदेवता होती बेंझाइतेन, म्हणजे बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे जपानला पोचलेली आपली सरस्वती. तिच्या हाती तिथे वीणेऐवजी बिवा आली.

तोदोने या विखुरलेल्या फिरस्त्यांना दर्जाची शिडी दिली. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर झातो, सर्वांत वर केंग्यो. चार मुख्य दर्जे, त्यांच्या सोळा श्रेणी आणि त्यांतही त्र्याहत्तर पोटपायऱ्या. (जपानी चित्रपटांतला झातोइची हा अंध तलवारबाज पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्या नावातला झातो तो हाच, शिडीच्या तळाचा.) राजदरबारातील कोगा घराणे संघाचे आश्रयदाते होते, क्योतोत संघाचे मुख्य कार्यालय होते आणि दहा ज्येष्ठ केंग्योंचे मंडळ कारभार पाहत असे. सभासदाने गुन्हा केला तर त्याचा न्यायनिवाडाही बऱ्याच अंशी संघच करी. वरची पायरी चढायला ठरावीक रक्कम भरावी लागे. तळापासून केंग्योपर्यंतचा खर्च तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे त्या घराण्यातल्या लष्करी शासकांच्या, काळात सातशेहून अधिक र्‍यो, म्हणजे सोन्याची तेवढी नाणी, इतका होता. ही रक्कम वरिष्ठांत श्रेणीप्रमाणे वाटली जाई, म्हणजे तरुणपणी भरलेला पैसा म्हातारपणी वाट्याच्या रूपाने परत येण्याची सोय होती. शिवाय सरदारांपासून सामान्य घरांपर्यंत लग्न, जन्म, मृत्यू अशा प्रसंगी संघाच्या सभासदांना ठरावीक दान देण्याची प्रथा होती. वेळ झाली की ते यायचे, दिले नाही तर मागायचे, आणि त्यांच्या मागण्याला सरकारची मान्यता असायची. आजच्या भाषेत याला सेवानिवृत्ती निधी आणि उपकर म्हणता येईल. भिक्षेच्या रिवाजातूनच हे दान निघाले होते, पण नियम, हिशेब आणि मान्यता यांमुळे ते हक्कापर्यंत पोचले होते.

या पायावर जे संगीत उभे राहिले त्याचा आवाका पाहिला तर थक्क व्हायला होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास र्‍युक्यू बेटांवरून एक तीन तारांचे वाद्य जपानला आले. ते सर्वांत आधी हाती घेतले बिवा वाजवणाऱ्या अंधांनी, आणि बिवाची मोठी पसरट नखी त्यांनी त्यालाही लावली. र्‍युक्यूतील सापाच्या कातड्याच्या जागी मांजराचे कातडे आले आणि पुढे काबुकीपासून बाहुल्यांच्या नाट्यापर्यंत सगळीकडे वाजणारे शामिसेन तयार झाले. तेरा तारांच्या कोतोची कथा आणखी बोलकी आहे. हे वाद्य दरबार आणि मठ यांच्या परिघात वाजत होते आणि क्युशूमधील त्सुकुशी परंपरेत अंधांना ते शिकवण्याची मनाई होती, असे परंपरा सांगते. यात्सुहाशी केंग्यो (१६१४–१६८५) या अंध वादकाने त्या परंपरेतल्या एका जाणकाराकडून ते मिळवले, त्याची स्वरजुळणी बदलली आणि लोकांच्या कानाला जवळची केली. ‘रोकुदान’ ही कोतोची सर्वांत प्रसिद्ध रचना त्याच्याच नावावर आहे. त्याच्यानंतर इकुता केंग्यो (१६५६–१७१५) आणि यामादा केंग्यो (१७५७–१८१७) झाले. आज कोतो शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण इकुता किंवा यामादा यांपैकी एका घराण्यात शिकतो. मित्सुझाकी केंग्यो, योशिझावा केंग्यो, यादी लांबत जाते आणि प्रत्येक नावापुढे तोच दर्जा येतो. जपानच्या अभिजात कोतोवादनाचा गाभा म्हणजे दोन-अडीचशे वर्षांत एका संघाच्या वरिष्ठ सभासदांनी केलेले काम आहे. एवढी मोठी गोष्ट योगायोगाने घडत नाही.

या संघात शिकवण्याची रीत अंधांनी अंधांसाठी घडवलेली होती, आणि माझ्या मते साऱ्या कहाणीत हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. गुरू वाजवी, शिष्य ऐके, हात हाताला लावून बोटांची जागा कळे आणि सुरावट तोंडी बोलांत पाठ होई. आपल्याकडे तबल्याचे बोल मुखोद्गत करतात तसेच कोतोचे आणि शामिसेनचे बोल होते. डोळस विद्यार्थी या वादकांकडे आले तेव्हा त्यांनाही याच रीतीने शिकावे लागले, कारण शिकवणारे हे आणि विद्या यांची. मग अठराव्या शतकात हेइके गाण्याचा षोक हौशी डोळस लोकांतही पसरला. त्यांना एवढी प्रचंड कथा कानाने धरून ठेवणे जमेना. नागोयातील ओगिनो केंग्यो याने १७७६ मध्ये ‘हेइके माबुशी’ नावाची स्वरलिपीसह प्रत तयार केली ती डोळ्यांनी वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी. म्हणजे इथे सोय करून द्यावी लागली ती डोळसांची. त्या दालनात लिपीवाचून अडणारा माणूस डोळस होता आणि अंध माणूस सहज वावरत होता. अपंगत्व शरीरात किती आणि समोरच्या मांडणीत किती हा प्रश्न आज कायद्याच्या आणि समाजशास्त्राच्या पुस्तकांत चर्चिला जातो. त्याचे इतके स्वच्छ ऐतिहासिक उदाहरण मला दुसरे माहीत नाही. कलेची दारे दिव्यांगांसाठी उघडायची म्हणजे तयार इमारतीला मागून एक उतार जोडायचा, अशी समजूत रूढ आहे. तोदोत इमारतीचा आराखडाच त्यांनी आखला होता.

संघाची छाया संगीतापलीकडेही पसरली. सुगियामा वाइची (१६१०–१६९४) याने नळीतून सुई टोचण्याची पद्धत रुळवली. शोगुन त्सुनायोशीवर त्याने उपचार केले आणि १६८० च्या दशकात अंधांना सुईचिकित्सा व मर्दन शिकवणारी शाळा काढली. हानावा होकिइची (१७४६–१८२१) याचे उदाहरण तर व्यवस्थेचा खरा कस दाखवणारे आहे. बालपणीच दृष्टी गेलेला हा शेतकऱ्याचा मुलगा एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, येऊन संघातल्या एका गुरूकडे राहिला, पण वाद्य आणि सुई दोन्हींत त्याला गती नव्हती. गुरूने त्याला हाकलले नाही. काही वर्षे स्वतःच्या खर्चाने त्याला ग्रंथाध्ययन करू दिले. इतरांकडून वाचून घेत त्याने जुन्या जपानी ग्रंथांचा ‘गुन्शो रुइजू’ हा महासंग्रह सिद्ध केला. त्याचे सतरा हजारांहून अधिक लाकडी ठसे आजही तोक्योत जपलेले आहेत. १९३७ मध्ये हेलन केलर जपानला गेल्या तेव्हा त्या हानावाच्या स्मारकसंस्थेत गेल्या आणि त्याच्या मेजाला हात लावून आल्या. लहानपणी आईने त्यांना हानावाचे उदाहरण सांगितले होते. संघ नसता तर हा मुलगा कुठे गेला असता याची कल्पना करणे कठीण नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हा संघ काही संतांचा मेळा नव्हता. दर्जा पैशाने मिळत होता, म्हणजे श्रीमंत बापाचा सामान्य मुलगा केंग्यो होई आणि गरीब गुणी मुलगा झातोच राही. सभासदांना सावकारीची मुभा होती. ती दर्जा विकत घेण्याइतकी पुंजी जमावी म्हणून होती, पण अठराव्या शतकात तिचा धंदा झाला. अवाच्या सवा व्याज, वसुलीसाठी दारात बसून केलेला तमाशा, कर्जात बुडालेले सामुराई. तोरियामा केंग्योने योशिवारा या एदोच्या गणिकावस्तीतील एका विख्यात गणिकेला प्रचंड रक्कम मोजून सोडवून नेले तेव्हा एदोत त्याची चर्चा झाली, आणि १७७८ मध्ये सरकारने त्याच्यासह अनेक सावकार केंग्योंवर कारवाई केली. हे सगळे खरे आहे आणि लपवण्यासारखे काही नाही. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? डोळस व्यापाऱ्यांचे संघ, डोळस सावकार, डोळस दरबारी यांचा त्या काळातला व्यवहार काही वेगळा नव्हता आणि त्यांच्या लोभावरून व्यापारालाच कुणी नालायक ठरवले नाही. अंध माणसाने सत्पात्र असावे, नम्र असावे, तरच त्याला मदत, ही अट कणवेच्या पोटातून येते. हक्काला अशी अट नसते. भ्रष्टाचारावर उपाय सुधारणेचा असतो. पैशाऐवजी परीक्षेने दर्जा देता आला असता, सावकारीऐवजी तनखा देता आला असता. तो विचार झाला नाही हे दुर्दैव.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे: तोदोत स्त्रियांना जागा नव्हती. केंग्यो होण्याचा मार्ग फक्त पुरुषांना खुला होता. अंध स्त्रियांनी मग स्वतःच्या संघटना उभारल्या. त्यांना गोझे म्हणत. उत्तरेकडच्या बर्फाळ एचिगो प्रांतात, आजच्या निइगाता जिल्ह्यात, ताकादा आणि नागाओका ही त्यांची मोठी ठाणी होती. तीन-चार जणी एकमेकींच्या पाठीवरच्या गाठोड्याला हात लावून ओळीने चालत. पुढची थोडेफार दिसणारी असे. वर्षातले बहुतेक दिवस गावोगाव शामिसेनवर कथागीते गात त्या फिरत. गावातली मोठी घरे त्यांना मुक्कामाला ठेवून घेत. ताकादातल्या गोझेंत श्रेष्ठता पैशावर नव्हती, सेवेच्या वर्षांवर होती. पण नियम फार कडक होते. पुरुषाशी संबंध आला तर झालेल्या सेवेतली वर्षे कापली जात, नाहीतर संघटनेबाहेर जावे लागे. कोबायाशी हारू (१९००–२००५) हिचे शिक्षण पाचव्या वर्षी सुरू झाले. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभे राहून आवाज लावण्याचा सराव तिला लहानपणी करावा लागला. १९७८ मध्ये, तिचे फिरणे थांबल्यावर, जपान सरकारने तिच्या गायनाला जपण्याजोगा ठेवा मानले. या स्त्रियांच्या हालांना सोनेरी मुलामा देणे मला मान्य नाही. त्यांच्या कलेत करुण रस आहे म्हणून त्यांचे दुःख सुंदर ठरत नाही. पण त्यांच्या इतिहासातून माझ्या मुद्द्याला पुष्टीच मिळते. मोठ्या संघाने दार लावले तेव्हा त्या एकट्या-दुकट्या लढल्या नाहीत. त्यांनी घरे, श्रेणी, नियम आणि मुक्कामांचे जाळे उभे केले, आणि त्या जाळ्यामुळे त्या टिकल्या. त्यांची व्यवस्था सरकारी हुकमावर उभी नव्हती, गावांच्या अन्नावर उभी होती. म्हणून १८७१ चा घाव त्यांना लगेच लागला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जमीन सुधारणेने त्यांना ठेवून घेणारी जमीनदार घरे खालावली, रेडिओ आणि दूरचित्रवाणी आली, आणि १९६४ च्या सुमारास ताकादाच्या शेवटच्या गोझेंनी फिरणे थांबवले.

१८७१ मध्ये नेमके काय झाले? शोगुनांची सत्ता संपल्यावर आलेले मेइजी सरकार जुने विशेषाधिकार एकामागून एक रद्द करत होते. त्याच ओघात तोदो बरखास्त झाला, केंग्योपासून झातोपर्यंतचे दर्जे संपले, दान गोळा करण्याचा हक्क गेला आणि संगीत व चिकित्सा हे व्यवसाय सर्वांना खुले झाले. वरकरणी यात न्यायच दिसतो: सामुराईंचे तनखे गेले, तर अंधांचे विशेषाधिकार का राहावेत? पण सामुराईच्या मुलाला नव्या शाळेत, नव्या सैन्यात, नव्या कचेरीत जागा होती. अंध मुलासाठी १८७१ मध्ये अशी एकही नवी शाळा नव्हती. क्योतोतील अंध व मूकबधिरांची पहिली शाळा १८७८ ची, आणि जपानी ब्रेल लिपी ठरली १८९० मध्ये. जुने दार आधी लावले, नवे दार सात वर्षांनी किलकिले केले. सर्वांना एकाच रेषेवर उभे केले म्हणजे समता झाली असे मानणाऱ्यांनी ही मधली वर्षे पाहावीत.

पुढे जे घडले ते एखाद्या प्रयोगासारखे आहे, कारण एकाच संघाच्या दोन विद्यांना दोन वेगळी नशिबे आली. सुईचिकित्सा आणि मर्दन यांना राज्याने नवी व्यवस्था दिली: अंधशाळांत त्यांचे अभ्यासक्रम, १९११ पासून परवाना पद्धती, आणि १९६४ पासून डोळसांसाठी मर्दनाचे नवे अभ्यासक्रम काढण्यावर नियंत्रण ठेवणारी कायद्यातली तरतूद. ही तरतूद व्यवसायस्वातंत्र्याच्या विरोधात आहे अशी हरकत न्यायालयात गेली आणि २०२२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. आजही जपानमध्ये अंध चिकित्सक ही नेहमीची गोष्ट आहे. हेइकेच्या गायनाला असे काही मिळाले नाही. सुमारे दोनशे खंडांपैकी अंध वादकांच्या नागोया परंपरेत तोंडी चालत आलेले खंड उरले आठ, आणि ते जाणणारा त्या परंपरेतला एकच गायक इमाइ त्सुतोमु. कोतो जगला, फोफावला, पण तो शिकवणारे बहुतांशी डोळस झाले. काहीजण म्हणतील की जुने कथागायन काळाच्या ओघात मागे पडलेच असते. पडले असते, थोडेफार. पण मर्दनही जुनेच होते. टिकले ते ज्याला आधार दिला गेला.

मग मियागी मिचिओचे काय, असे कुणी विचारील. आठव्या वर्षाच्या आसपास दृष्टी गेलेला हा वादक (१८९४–१९५६) संघ संपल्यानंतर जन्मला. १९२१ मध्ये त्याने सतरा तारांचा कोतो बनवला, १९२९ मध्ये ‘हारू नो उमी’ ही जगभर वाजलेली रचना केली, तोक्योच्या संगीत विद्यालयात तो प्राध्यापक झाला. प्रतिभेला संघ लागत नाही, हेच यातून सिद्ध होत नाही का? मियागीचे गुरू कोण होते ते पाहिले की उत्तर मिळते. कोबेत तो नाकाजिमा केंग्योकडे शिकला. हा दर्जा सरकारने रद्द केला होता, पण वादकांच्या वर्तुळात तो सन्मान म्हणून आणि शिकवण्याची रीत म्हणून अजून जिवंत होता. संघाने पाचशे वर्षे साठवलेले पाणी मियागीपर्यंत झिरपले होते. त्याच्यानंतर त्याच्या तोडीचे अंध रचनाकार एकामागून एक झाले नाहीत.

आणखी एक शंका उरते आणि ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते. अंधाने संगीतच करावे किंवा मर्दनच करावे, हा सुद्धा तुरुंगच नव्हे का? राखीव पेशा माणसाला पोसतो, पण बांधूनही ठेवतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच हानावाच्या गुरूचे वागणे मोलाचे: त्याने चौकट असूनही वाट मोकळी केली. युरोपातला दाखलाही हेच सांगतो. लुई ब्रेल पॅरिसच्या अंधशाळेत शिकला, तिथेच शिक्षक झाला आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला. १८२९ च्या त्याच्या पुस्तकात ठिपक्यांनी शब्दांसोबत संगीत लिहिण्याची रीतही होती. त्या शाळेतून लुई व्हिएर्न, आंद्रे मार्शाल, गास्तों लितेझ, जाँ लांग्ले असे ऑर्गनवादक निघाले. व्हिएर्न १९०० पासून मरेपर्यंत नोत्र दामच्या ऑर्गनवर होता. शाळा होती आणि शिकून बाहेर पडल्यावर पगारी जागाही होत्या, म्हणून ही मालिका झाली. पण ज्या लिपीने हे संगीत शक्य केले त्याच लिपीने अंधांना कायदा, गणित, साहित्य, सगळी क्षेत्रे खुली केली. बंदिस्तपणावरचा उपाय व्यवस्था मोडणे हा नाही, तिची दारे वाढवणे हा आहे.

महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासातही ही गोष्ट एकदा घडली आहे, जरी आपण ती अशा नजरेने वाचत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचा अभ्यास अशक्य झाला. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. दृष्टी अधू झालेल्या मुलाला एक गुरू, एक आश्रयदाता आणि शिकण्यापुरती वर्षे मिळाली, आणि १९०१ मध्ये त्याच मुलाने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयाऐवजी लोकांच्या वर्गणीवर चालणारे आणि कुणालाही प्रवेश देणारे ते विद्यालय होते. पलुस्करांच्या चरित्रांत फटाक्याचा प्रसंग दैवाचा खेळ म्हणून येतो. मिरजेचा आश्रय मात्र तपशील म्हणून एका ओळीत उरकला जातो. माझ्या हिशेबी वजन उलटे असायला हवे, कारण फटाक्याने डोळे गेलेली मुले पुष्कळ असतील, त्यांना मिरज मिळाली नाही.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २९ याच विषयाचे आहे. दिव्यांग कलावंत व लेखकांना सुविधा, आधार आणि प्रायोजकत्व द्यावे, कला त्यांच्या आवाक्यात आणावी, कलाविषयक अभ्यासक्रमांची त्यांना सहभागी होता येईल अशी फेररचना करावी, असे ते सांगते. याच कायद्यात सरकारी नोकरीत चार टक्के आणि उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखलेल्या आहेत. कलम २९ मध्ये मात्र आकडा नाही, मुदत नाही. जपाननेही २०१८ मध्ये, तोदो बरखास्त केल्यावर १४७ वर्षांनी, दिव्यांगांच्या कलाविष्काराला चालना देणारा कायदा केला. कला पाहण्याची, करण्याची, विकण्याची संधी आणि हक्कांचे रक्षण त्यात आहे, पण केंग्योला होता तसा आयुष्यभराचा दर्जा आणि मिळकत त्यातही नाही. आकड्याशिवायची तरतूद अंमलदाराच्या चांगुलपणावर चालते, आणि चांगुलपणावर चालणारी गोष्ट पहिल्याच काटकसरीत बंद पडते. राज्याच्या सांस्कृतिक अंदाजपत्रकात, नाट्य आणि संगीत अनुदानांत, कलाशाळांच्या जागांत या कलमाचा वाटा किती, हे ठरवून लिहायला कायद्याची आडकाठी नाही. कलम २९ मध्ये दिव्यांगांच्या इतिहासाचे संग्रहालय स्थापण्याचीही तरतूद आहे. ते उभे राहील तेव्हा त्यात थोर व्यक्तींच्या तसबिरी असतीलच. त्यांच्याशेजारी दर्जा चढण्याच्या शुल्काचे तक्ते, दानाच्या वाटपाच्या याद्या, गोझेंची सेवेची वर्षे मोजणारे नियम आणि तोंडी शिकवणीचे बोल ही सामग्रीही असावी, आणि त्यावर अभ्यास करून अनुदानाचे नियम लिहिणारी माणसे तिथे नेमलेली असावीत, त्यांत दिव्यांग कलावंत बहुसंख्येने.